गाडीचा एसी: कंपनीचे सर्व्हिस सेंटर की एसीवाला मिस्त्री?

वॉरंटी संपलेल्या गाडीच्या एसीने उन्हाळ्याच्या तोंडावर मान टाकली, की मालकापुढे दोन वाटा असतात: गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लावायची, किंवा फक्त गाड्यांच्या एसीचेच काम करणाऱ्या स्वतंत्र मिस्त्रीकडे न्यायची. नेहमीचा गॅरेजवाला ही तिसरी वाट दिसायला सोयीची असते. परंतु इंजिन आणि ब्रेकच्या कामावर कितीही हात बसलेला असला, तरी ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजनचा सिलिंडर नाही त्याने एसी उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, त्यामुळे ती वाट मी येथे बाजूला ठेवतो. उरलेल्या दोन्ही ठिकाणी मी एकाच गाडीचे काम करून घेतले आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, राहणे पुण्यात, आणि मे महिन्यात सोलापूरकडे जाणे ठरलेले. माझ्या मतावर या तीन गोष्टींचा परिणाम झालेला आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

थोडक्यात सांगायचे तर, कॉम्प्रेसर गॅस दाबून नळ्यांतून फिरवतो, गाडीच्या पुढच्या भागातला कंडेन्सर त्या गॅसची उष्णता बाहेर टाकतो, आणि डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल केबिनची हवा गार करते. एक मुद्दा मात्र आधी पक्का करून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. एसीतला गॅस वापराने संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून काही वर्षांत तो थोडाफार पाझरतो हे खरे, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पुढच्या वर्षीच्या खर्चाची आजच केलेली तजवीज होय. उलट गॅस पुरेसा असूनही गारवा मिळत नसेल, तर दोष पंख्यात, चिखलाने भरलेल्या कंडेन्सरमध्ये, कॉइलमध्ये जाणारा गॅस बेताने सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, गरम-थंड हवा मिसळणाऱ्या झडपेत किंवा अगदी साध्या केबिन फिल्टरमध्येही असू शकतो. म्हणून चांगल्या दुरुस्तीत प्रश्न दोनच असतात आणि ते याच क्रमाने विचारले जातात: गॅस खरोखर कमी आहे का, आणि असेल तर तो गेला कोठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात सर्व्हिस सेंटर वरचढ आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. गॅस ही वजनाने मोजायची वस्तू आहे. बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन लिहिलेले असते. छोट्या गाड्यांत ते बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असते. सर्व्हिस सेंटरमधले मोठे यंत्र गाडीतला गॅस आधी ओढून घेते, तो किती निघाला ते सांगते, नळ्यांतली हवा खेचून व्हॅक्यूम करते आणि मग लेबलवर जेवढे लिहिले आहे तेवढाच गॅस मोजून भरते. एवढे अचूक काम केवळ गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, लावून होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिन बंद असताना नळ्यांमध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए या आपल्याकडच्या नेहमीच्या गॅसचा दाब ३० अंशांना सुमारे ९५ ते १०० पीएसआय भरतो, मग आत चारशे ग्रॅम असो की दीडशे. म्हणजे बंद गाडीला गेज लावून काटा बघत ‘गॅस बरोबर आहे’ किंवा ‘गॅस कमी आहे’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस, गॅस जवळजवळ पूर्ण उडून गेलेला नसेल तर, अंदाजच सांगत असतो. वजन हाच येथे खरा पुरावा, आणि तो पुरावा देणारे यंत्र बहुतेक छोट्या मिस्त्रींकडे नसते.

दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत पारडे दुसरीकडे झुकते. गळती शोधणे हे चिकाटीचे काम आहे. व्हॅक्यूम करून काटा स्थिर राहतो का हे पाहण्याची पद्धत दोन्हीकडे आहे, पण ती अपुरी आहे. कारण व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा जेमतेम १५ पीएसआय दाब नळ्यांवर बाहेरून आत येतो, आणि चालू एसीत हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेला गॅस जेथे असतो त्या बाजूला, दोनशेहून अधिक पीएसआय आतून बाहेर ढकलत असतात. सुईच्या टोकाएवढी गळती पहिल्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. जाणता मिस्त्री नायट्रोजनचा दाब भरतो, सांध्यांवर आणि कंडेन्सरच्या कोपऱ्यांवर साबणाचा फेस सोडतो, आणि टॉर्च लावून वाट बघतो. सांध्यातल्या एखाद्या रबरी ओ-रिंगपाशी फेसाचा एकच बुडबुडा सावकाश फुगताना मी पाहिला आहे. तेवढा बुडबुडा दिसेपर्यंत त्या माणसाने मान वर केली नव्हती. बऱ्याच वेळा गळती असते ती गॅस भरण्याच्या तोंडातल्या पिनमधून, म्हणजे काही रुपयांच्या वस्तूतून. ज्या ठिकाणी प्रत्येक कामाला ठरावीक वेळ नेमून दिलेला असतो, तेथे एवढी वाट बघायला कोणाला सवड असणार?

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे वळतो. माझ्या गाडीची तक्रार नेमकी होती. महामार्गावर एसी उत्तम चाले. हडपसरच्या गर्दीत गाडी थांबली, की पाच-सात मिनिटांत वारा कोमट होई, आणि गाडी पुन्हा वेगात आली की आपोआप गार होई. ज्याला एसीची थोडी जाण आहे त्याला या वर्णनातच अर्धे निदान ऐकू येते. गाडी धावत असताना समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो. उभी असताना ते काम पंख्याचे. म्हणजे संशय आधी पंख्यावर किंवा घाण साचलेल्या कंडेन्सरवर जायला हवा. ही सगळी हकिगत मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, उभी गाडी आणि धावती गाडी असा भेद दोनदा सांगून, सविस्तर कथन केली. सर्व्हिस ॲडव्हायझर सभ्य आणि लक्ष देऊन ऐकणारे गृहस्थ होते. त्यांनी जॉब कार्डवर लिहिले: ‘एसी कूलिंग कमी’.

या तीन शब्दांनी मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे नंतरच्या बिलानेही केले नाही. पेशंटने ‘ताप रोज संध्याकाळीच चढतो’ असे सांगावे आणि केसपेपरवर फक्त ‘ताप’ उमटावे, तसे हे झाले. तक्रारीतला ‘केव्हा’ गळून पडला, आणि एसीच्या निदानात सगळे मोल त्या ‘केव्हा’ला आहे. सुरुवातीला गार आणि तासाभराने वारा बारीक होत जाणे, म्हणजे कॉइलवर बर्फ साठतो आहे; इंजिन सुरू केल्यावर ठीक आणि मधूनमधून एकदम गरम, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ओलावा गोठतो आहे किंवा कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच सुटतो आहे; ड्रायव्हरकडे गार आणि शेजारी कोमट, म्हणजे झडप अडकली आहे किंवा गॅस खरोखरच कमी आहे. कार्डवर या सर्वांचे रूपांतर त्याच तीन शब्दांत होते. ज्या कारागिराचे हात गाडीला लागणार त्याची आणि मालकाची भेट होत नाही, कारण तो आतल्या बाजूला असतो आणि मालक काचेच्या अलीकडे चहा घेत बसलेला असतो. ‘मला दोन मिनिटे त्यांच्याशी बोलता येईल का’ असे मी विचारले तेव्हा सुरक्षिततेच्या कारणाने ग्राहकांना आत सोडत नाहीत असे नम्रपणे सांगण्यात आले. नियम समजण्यासारखा आहे. मात्र त्या नियमाची किंमत निदानाला मोजावी लागते.

पुढे जे झाले ते त्या कार्डाला धरूनच झाले. ‘कूलिंग कमी’ असे वाचल्यावर करायचे काम ठरलेले असते: गॅस काढणे, व्हॅक्यूम, गॅस भरणे. सायंकाळी मिळालेल्या कागदांत त्या यंत्रातून निघालेली छोटी पट्टीही होती, आणि ती मी घरी येऊन नीट वाचली. गाडीच्या लेबलवर ४२० ग्रॅम आहे. यंत्राने गाडीतून काढलेला गॅस होता ४०० ग्रॅम. वीस ग्रॅमचा फरक नळ्यांत राहून जाणाऱ्या गॅसमुळेही पडतो. म्हणजे गाडी पुरेशा गॅसनिशीच आत गेली होती, गळती नव्हती, आणि तोच गॅस काढून पुन्हा भरल्याचे पैसे मी दिले होते. उत्तम यंत्राने अचूक उत्तर छापून दिले होते, फक्त ते वाचण्याची जबाबदारी त्या साखळीत कोणावरच नव्हती. तक्रार अर्थातच कायम राहिली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच जॉब कार्ड तयार झाले, आणि या वेळी सल्ला मिळाला की कूलिंग कॉइल लीक असावी, डॅशबोर्ड उतरवून ती बदलावी लागेल. कॉइल, व्हॉल्व्ह, मजुरी आणि गॅस धरून अंदाजपत्रक पाच आकड्यांत गेले होते. गळती कोठे दिसली, असे विचारल्यावर उत्तर आले की या मॉडेलमध्ये बहुधा कॉइलच जाते.

तेथून मी गाडी एसीवाल्या मिस्त्रीकडे नेली. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून ज्यांचे नाव वारंवार ऐकू येत होते, असे ते वयस्कर गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘कधी गार करत नाही?’ हाच. मी सांगितले, त्यांनी मान हलवली, गेज लावले, एसी पूर्ण सुरू करून गाडी उभी ठेवली आणि काही न बोलता हाय साइडच्या काट्याकडे बघत राहिले. दोनशेच्या वर असलेला काटा हळूहळू चढत तीनशेच्या पुढे गेला. मग त्यांनी बादलीतले पाणी मगाने कंडेन्सरवर ओतले. काटा झपाट्याने खाली आला आणि आत बसलेल्या मुलाने ‘काका, गार झालं’ म्हणून ओरडून सांगितले. पंखा फिरत होता, त्यामुळे तो दोषी असेल असे मला वाटले नव्हते. त्यांनी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन कंडेन्सरच्या समोरच्या जाळीवर धरले आणि सोडून दिले. पंखा निरोगी असेल तर तो आतून वारा खेचतो आणि कागद जाळीला चिकटून राहतो. आमचे पान घसरून खाली पडले. मोटरचे कार्बन झिजले होते, पंखा फिरत होता पण हवा ओढत नव्हता. मोटर बदलली, कंडेन्सर बेताच्या दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुतला, आणि गॅसला हातही लावला नाही. खर्च कॉइलच्या अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी आला. तेव्हापासून पुण्यातल्या कोणत्याही सिग्नलला एसीने तक्रार केलेली नाही.

एका गाडीच्या अनुभवावरून सगळी सर्व्हिस सेंटर वाईट आणि सगळे मिस्त्री जाणते, असा निष्कर्ष मी काढत नाही, आणि वाचकानेही काढू नये. मिस्त्रीच्या वाटेवरचे धोके खरे आहेत, आणि ते माहीत नसतील तर ती वाट महागही पडते.

पहिला धोका घाईचा. नळ्या उघडल्या की हवेतला ओलावा आत शिरतो, आणि तो काढण्याचा मार्ग म्हणजे व्हॅक्यूम. ३० अंशांच्या हवेत पाणी उकळून वाफ व्हायचे असेल तर दाब वातावरणाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणावा लागतो, आणि तेथे पोहोचल्यावरही पंप अर्धा-पाऊण तास चालू ठेवावा लागतो. कॉम्प्रेसरमधले पीएजी तेल ओलावा झपाट्याने शोषते, त्यामुळे पावसाळ्यात हे काम अधिकच जपून करायला हवे. मागे तीन गाड्या उभ्या असताना दहा मिनिटांत पंप काढणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अशा कामाचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही; ओलावा नंतर व्हॉल्व्हपाशी गोठतो, आतून गंज धरतो, आणि दोष भलत्याच भागावर जातो. नळ्यांतला ओलावा शोषणारा ड्रायर न बदलणे हा याच घाईचा दुसरा भाग. कॉइल किंवा कंडेन्सर बदलून जुना ड्रायर तसाच ठेवणारा माणूस ग्राहकाचे पैसे वाचवत नसतो.

दुसरा धोका गॅसच्या दर्जाचा. बाजारात आर-१३४ए या नावाने विकला जाणारा प्रत्येक डबा त्याच गॅसचा असतो असे नाही. बनावट गॅसमध्ये आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळल्याची प्रकरणे जगभर उघडकीस आली आहेत. हा पदार्थ ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतो, आणि २०११ मध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे जे स्फोट होऊन माणसे दगावली त्यांच्या मुळाशी हीच भेसळ असल्याचे पुढे आले. गाडीची कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नामांकित कंपनीचा सीलबंद सिलिंडर समोर फोडायला सांगण्यात संकोच वाटू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये ही चिंता जवळजवळ नसते.

तिसरी गोष्ट खिशाची नाही, पण मला तितकीच महत्त्वाची वाटते. आर-१३४एची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. ४५० ग्रॅम गॅस हवेत सोडून देणे म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. सर्व्हिस सेंटरचे यंत्र गॅस परत ओढून घेते. बरेच मिस्त्री पिन दाबून तो उडवून देतात. भारताने २०२१ मध्ये मॉन्ट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून या वर्गातल्या वायूंचा वापर पुढच्या दशकांत टप्प्याटप्प्याने कमी व्हायचा आहे, तेव्हा गॅस परत घेण्याची सोय असलेला मिस्त्री मिळाला तर थोडे अधिक पैसे देऊनही त्यालाच पसंती द्यावी.

पार्टांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. पूर्वी स्वतंत्र मिस्त्रीला मूळ पार्ट आणि कंपनीची स्कॅनिंगची साधने मिळणे अवघड होते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना याच कारणासाठी अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, पण पार्ट खुल्या बाजारात यायला हवेत हा मुद्दा त्या निकालाने ठळक झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले त्यातही मोटारींचा समावेश आहे. आज जुन्या, भरपूर खपलेल्या गाड्यांची कॉइल किंवा कंडेन्सर बाहेर सहज मिळतो. मूळ कंपनीला पुरवठा करणाऱ्याच उत्पादकाचा माल वेगळ्या खोक्यात मिळाला तर तो मी डोळे झाकून घेईन. निनावी लोकल कॉइल मात्र घेऊ नये. तिची किंमत निम्मी असली, तरी डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा सारखीच लागते, आणि डॅशबोर्ड एकदा उतरला की त्याच्या चापा आणि पट्ट्या पहिल्यासारख्या बसत नाहीत. खराब रस्त्यावर करकर सुरू होते. कॉम्प्रेसर आतून झिजून बसला असेल, तर धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरलेला असतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंग करून तो कीस पूर्ण निघत नाही, त्यामुळे अशा वेळी कंडेन्सर आणि ड्रायरही बदलायला सांगणारा माणूस लुबाडत नसून बरोबर सांगत असतो, मग तो कोठेही बसलेला असो.

काही गाड्यांच्या बाबतीत मी स्वतः विचार न करता सर्व्हिस सेंटरच निवडेन. वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच नाही. दगड लागून कंडेन्सर फुटला असेल आणि विम्याचा दावा करायचा असेल तेथेही कागदपत्रे सरळ होतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यातले तेल वीज न वाहू देणारे, सहसा पीओई जातीचे असते. नेहमीच्या पीएजी तेलाचा अंशही त्यात गेला तर विद्युतरोधन बिघडू शकते, आणि रोजच पीएजीचे काम करणाऱ्या मिस्त्रीच्या पाइपांत तो अंश असण्याची शक्यता पुष्कळ असते. आर-१२३४वायएफ हा नवा गॅस असलेल्या गाड्यांचेही तसेच: तो सौम्य ज्वलनशील आहे, महाग आहे, आणि त्याला वेगळे यंत्र लागते. क्लच नसलेला, कंट्रोल व्हॉल्व्हवर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर गेजइतकीच स्कॅनरची गरज पडते. तो स्कॅनर वापरता येणारे मिस्त्री वाढत आहेत, पण सर्वत्र नाहीत. विदर्भात किंवा मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला एसीचा खास मिस्त्री जवळपास मिळेलच असेही नाही, आणि ४५ अंशांच्या उन्हात शंभर किलोमीटर बिनएसीची गाडी नेण्यापेक्षा जवळचे सर्व्हिस सेंटर बरे वाटणे स्वाभाविक आहे.

कोठेही गेलात तरी ‘कॉइल लीक आहे’ हे वाक्य पुराव्याशिवाय स्वीकारू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते म्हणून तिची गळती दाखवता येत नाही, हे खरे नाही. एसीचे पाणी गाडीखाली जेथून ठिबकते त्या नळीच्या तोंडाशी, किंवा एसी बंद करून थोड्या वेळाने आतल्या जाळीपाशी, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरला तर तो वाजतो. गॅसबरोबर रंगद्रव्य सोडले असेल तर काही दिवसांनी त्याच ठिबकणाऱ्या पाण्यात अतिनील टॉर्चखाली पिवळसर हिरवी चमक दिसते; अंधार पडल्यावर हे स्वतःच्या पार्किंगमध्येही बघता येते. आणि यातले काहीच हाती नसेल तर गाडीतून निघालेल्या गॅसचे वजन तरी विचारावे. ते लेबलच्या जवळपास असेल, तर डॅशबोर्डला हात लावू देऊ नये.

वेळेच्या हिशेबात दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. सर्व्हिस सेंटर सकाळी गाडी घेते आणि संध्याकाळी देते, दिवस मोकळा राहतो. मिस्त्रीकडे स्वतः उभे राहावे लागते, सावली नसते, आणि एप्रिलमध्ये रांग असते. मला ते उभे राहणेच मोलाचे वाटते, कारण काटा आपल्या डोळ्यांसमोर हलतो आणि प्रश्न तेथल्या तेथे विचारता येतो. ज्यांना नोकरीमुळे किंवा प्रकृतीमुळे ते शक्य नाही त्यांचे गणित वेगळे असू शकते, आणि ते मी चूक म्हणणार नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, वॉरंटीबाहेरच्या साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीसाठी मी आता आधी मिस्त्रीकडे जातो. दोष गॅसशी निगडित निघाला आणि सांधा किंवा पिन बदलून गळती बंद झाली, की अंतिम गॅस मात्र वजनाने भरणाऱ्या ठिकाणीच भरून घेतो. माझ्या मिस्त्रींनी अलीकडे साधा डिजिटल वजनकाटा घेतला असून सिलिंडर त्यावर ठेवून ते भरतात, त्यामुळे दुसरीकडे जाण्याची गरज फारशी उरलेली नाही. नवा मिस्त्री शोधणाऱ्याने फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: नायट्रोजन टाकून लीकेज बघता का, व्हॅक्यूम किती वेळ ठेवता, आणि गॅस वजनावर भरता की गेजवर. ‘गाडी घेऊन या, भरून देतो’ एवढेच उत्तर आले तर पुढचा नंबर फिरवावा. गाडी नेताना केबिन फिल्टर आधी स्वतः बदलून जावे, तक्रार केव्हा होते ते कागदावर लिहून न्यावे, आणि बिलावर किती ग्रॅम गॅस निघाला व किती भरला हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. हे सगळे फेब्रुवारीत केले तर मिस्त्रीलाही बुडबुड्याची वाट बघायला वेळ असतो.